लाइट आली की बोर्ड भूतकाळात जातो! डिव्हाइस ट्रीत घड्याळ लिहिलंय पण कर्नल बघतच नाही

बांधावरचा_बीगल

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार हे आधीच सांगतो. मोबाइलवरून लिहितोय त्यामुळे फाइल पेस्ट करत नाही, जे काय आहे ते तोंडी सांगतो, समजून घ्या.

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. तापमान, आर्द्रता आणि पान किती तास ओलं राहिलं याची नोंद ठेवायची असते, डाऊनी रोगाची फवारणी कधी घ्यायची ते त्यावरच ठरतं. त्यासाठी पंपाच्या खोलीत एक बीगलबोन ब्लॅक, म्हणजे लिनक्सवर चालणारा छोटा कॉम्प्युटर बोर्ड, बसवलाय. सगळं मस्त चालतं, फक्त लाइट गेली आणि परत आली की बोर्डाचं घड्याळ कुठल्या तरी जुन्या तारखेला जाऊन बसतं. तिकडे नेट नाही, त्यामुळे वेळ विचारायची तरी कुणाला. एकाच रात्रीच्या नोंदी दोन वेगवेगळ्या महिन्यांत पडल्यात, आता त्यावरून फवारणी ठरवायची म्हणजे पंचांग बघितलेलं बरं.

म्हणून डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपचं मॉड्यूल आणलं, ते निळं, मागे बटन सेल बसतो ते. पी९ हेडरच्या १९ नंबरला क्लॉक, २० नंबरला डेटा. मग नेटवर वाचून वाचून बोर्डाच्या डीटीएस फाइलमध्ये, म्हणजे डिव्हाइस ट्री जिच्यात लिहितात तिच्यात (बोर्डावर काय काय जोडलंय ते लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, सांगणारी यादी), आय-टू-सी-२ या दोन तारांच्या बसच्या खाली एक नोड, म्हणजे एक नोंद, लिहिला. 'कंपॅटिबल' मध्ये मॅक्सिम, मग डॅश, मग डीएस३२३१. 'रेग' मध्ये हेक्स डी०, आणि हे मनाने नाही, डेटाशीटमध्ये बघून लिहिलंय. कंपाइल झालं, बोर्ड उठला, घड्याळाचा पत्ताच नाही.

प्रश्न दोन आहेत. पहिला, चुकलं कुठे. दुसरा जरा वैतागून विचारतोय: लॅपटॉपला माउस लावला तर त्याची फाइल कुणी लिहून देत नाही, तो आपला आपण ओळखतो. मग या बोर्डाला चार तारांची एक चिप जोडताना मी तिची जन्मपत्रिका का लिहून द्यायची?

फुकटचा_सल्ला

हे ट्रीबिट्री सोड. पायथॉनमधून डायरेक्ट आय-टू-सी वाच, दहा ओळींचं काम आहे. मी तेच करतो.

बांधावरचा_बीगल

दादा ते करून बघितलं, वाचता येतंय. पण मग वेळ सिस्टीमला कोण देणार, बूट होताना माझी स्क्रिप्ट चालेपर्यंत बाकीच्यांनी चुकीच्या तारखेने लिहायला सुरुवात केलेली असते. कर्नलनेच घेतलं पाहिजे.

जुनाट_झिलॉग

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तो कळला की पहिला अर्धा सुटतो.

माउस यूएसबीवर आहे. यूएसबीवर लावलं की यजमान विचारतो 'कोण रे तू', आणि माउस स्वतःचा कंपनी नंबर, प्रॉडक्ट नंबर, मी कीबोर्ड का माउस, किती करंट लागेल, सगळं सांगतो. पीसीआयचंही तसंच. ती बसच मुळी ओळख सांगायला शिकवलेली आहे. आय-टू-सी, एसपीआय, यूआर्ट या जुन्या साध्या बसेस, त्यांना ही रीत माहीतच नाही. आय-टू-सीवर तू एक पत्ता पुकारतोस आणि तिथे कुणी असेल तर ते फक्त 'हो' म्हणतं. नाव विचारायची सोय नाही. हेक्स ६८ वर तुझं डीएस३२३१ पण 'हो' म्हणतं आणि एमपीयू-६०५० नावाचा हालचाल मोजणारा सेन्सर पण 'हो' म्हणतो. आता कर्नलने 'हो' च्या आवाजावरून ओळखायचं का घड्याळ आहे का सेन्सर? आणि अंदाजाने काहीतरी लिहून बघावं तर समोर पॉवर सप्लायची चिप निघाली म्हणजे संपलं.

बरं, हे झालं बाहेरच्या चिपांचं. एसओसीच्या, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपच्या, पोटातले जे भाग असतात, टायमर, यूआर्ट, खुद्द तो आय-टू-सीचा कंट्रोलर, ते कुठल्या मेमरी पत्त्यावर आहेत हेही कर्नलला आपोआप कळत नाही. तुझ्या बोर्डावरचा आय-टू-सी-२ हेक्स ४८१९सी००० ला आहे, हे कुणीतरी मॅन्युअलमध्ये बघून लिहिलंय तेव्हाच कळलंय.

तू शेतकरी आहेस म्हणून तुझ्याच भाषेत सांगतो. डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डाचा सातबारा. कुठल्या गटात कोण, किती क्षेत्र, विहीर कुणाच्या हिश्श्यात, पाणी कुठून येतं. कर्नल म्हणजे लांबच्या शहरातला बँकेचा साहेब, तो रानात येत नाही, उतारा बघतो आणि त्यावर विश्वास ठेवून कर्ज मंजूर करतो. उताऱ्यावर विहीर असेल तर त्याच्या लेखी विहीर आहे. रानात खड्डा असला तरी.

लॅपटॉपमध्ये पण उतारा असतोच बरं का, फक्त तो बायॉसवाला लिहून ठेवतो आणि त्याचं नाव एसीपीआय, १९९६ पासून आहे. तुला दिसत नाही इतकंच.

आता तुझी चूक. डीएस३२३१ चा पत्ता बायनरीत ११०१००० आहे, सात बिट. तारेवर जाताना त्याच्यामागे एक बिट जोडतात, लिहायचं असेल तर ०, वाचायचं असेल तर १. ० जोडला की आठ बिटांचा आकडा होतो डी०, १ जोडला की डी१. डेटाशीट वाचताना बरेच जण तोच उचलतात. लिनक्सला शेपटाशिवायचा पत्ता लागतो, म्हणजे हेक्स ६८. आणि हे तुला कर्नलने नक्की सांगितलं असणार, डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या निरोपांच्या नोंदीत, सात बिटांचा पत्ता अवैध आहे अशी ओळ शोध.

बांधावरचा_बीगल

काका खरंच ओळ होती!! मी ग्रेप करताना 'आरटीसी', म्हणजे घड्याळाच्या चिपला म्हणतात ते, शोधत होतो आणि त्या ओळीत आरटीसी शब्दच नाही, नुसतं आय-टू-सी. आणि कंपाइल करतानाही वॉर्निंग आलेली, पण तिथे इतक्या वॉर्निंग येतात की मी बघणं सोडून दिलंय.

६८ केलं. आता एररही नाही आणि घड्याळही नाही. आय-टू-सी-डिटेक्ट हा पत्ते तपासणारा प्रोग्राम दोन नंबरच्या बसवर चालवला तर ६८ च्या जागी ६८ दिसतंय, म्हणजे तारा बरोबर आहेत. पण ५७ च्या जागी 'यूयू' असं दिसतंय. ५७ वर मी काही लिहिलेलंच नाही. भूत आहे का?

पिन_क्रमांक_९

भूत नाही, भाडेकरू आहे. त्याच्याकडे नंतर येतो, आधी ६८.

तुझा डॅश. 'कंपॅटिबल' मध्ये आधी कंपनीचं नाव, मग स्वल्पविराम, मग चिप, असं एकाच अवतरणात लिहायचं असतं, मध्ये जागा सोडायची नाही. तू डॅश टाकलास. कर्नलच्या दृष्टीने तो एक वेगळाच शब्द झाला. ड्रायव्हरच्या आत एक यादी असते, मी या या नावांच्या चिपा सांभाळतो अशी, ट्रीतला शब्द त्या यादीशी अक्षर न अक्षर जुळवला जातो, जुळला की ड्रायव्हरचं प्रोब फंक्शन बोलावतात. नाही जुळला तर काहीही होत नाही, आणि 'काहीही होत नाही' हेच या सगळ्यातलं सगळ्यात त्रासदायक आहे, कारण कर्नलच्या लेखी ही एरर नाहीच. एखाद्या चिपचा ड्रायव्हर नसणं यात काय गुन्हा.

बघायचं कसं: सिस फोल्डरमध्ये बस, मग आय-टू-सी, मग डिव्हायसेस, त्यात '२-००६८' नावाचा फोल्डर असेल. म्हणजे नोड वाचला गेला. त्याच्या आत 'ड्रायव्हर' नावाची लिंक नसेल. म्हणजे नवरदेव मांडवात आलाय, नवरीकडचं कुणी नाही.

गंमत म्हणजे आय-टू-सीच्या बाबतीत कंपनीचं नाव चुकलं असतं तरी चाललं असतं. तिथे जुनी सवय म्हणून स्वल्पविरामाच्या पुढचा भाग वेगळा काढून त्यानेही जुळवून बघतात. म्हणजे मॅक्सिमच्या जागी डल्लास लिहिलं असतंस तरी घड्याळ चालू झालं असतं आणि तुला कधी कळलंही नसतं. तुझा स्वल्पविरामच नव्हता म्हणून कापायला जागा मिळाली नाही. (असं चालतं म्हणून तसं लिहू नका.)

आणि ड्रायव्हर चालू आहे का ते बघ. डीएस३२३१ असं नाव शोधशील तर कॉन्फिगमध्ये सापडणार नाही, तो डीएस१३०७ च्या ड्रायव्हरमध्येच राहतो. धाकट्याला मोठ्याच्या नावाने ओळखतात तसं.

आता यूयू. त्याचा अर्थ या पत्त्यावर कर्नलच्या एका ड्रायव्हरने आधीच ताबा घेतलाय, म्हणून डिटेक्टने तिथे हात लावला नाही. तुझ्या फाइलच्या वरती बघ, तिने दुसऱ्या फाइली आत ओढलेल्या असतात, शेवटी डीटीएसआय असलेल्या. एसओसीची वेगळी, सगळ्या बीगलबोनांची सामायिक वेगळी, आणि शेवटी तुझ्या बोर्डाची. त्या सामायिक फाइलमध्ये आय-टू-सी-२ खाली ५४, ५५, ५६, ५७ असे चार ईईपीरॉम, म्हणजे लाइट गेली तरी लक्षात ठेवणाऱ्या मेमरी चिपा, आधीच लिहिलेले आहेत. बीगलवर जे केप बसतात, म्हणजे वरून बसवायचे बोर्ड, त्यांच्यावर ओळख सांगणारा एक छोटा ईईपीरॉम असतो, त्यासाठी. आणि तुझ्या निळ्या मॉड्यूलवर घड्याळाशेजारी आठ पायांची अजून एक चिप आहे ना? तो एटी२४सी३२, आणि त्याचा पत्ता नेमका ५७. कर्नलला वाटतंय केप बसवलाय.

एक प्रयोग कर, मजा येईल. सिसमधून त्या ५७ च्या ईईपीरॉम फाइलची साइज बघ.

बांधावरचा_बीगल

स्वल्पविराम टाकला. घड्याळ आलं!!! अर्धं आलं, ते खाली सांगतो.

साइज ३२७६८ बाइट. मॉड्यूलवाल्याने ४ केबी म्हणून सांगितलं होतं, त्याने तर मला आठपट माल दिला की.

पिन_क्रमांक_९

आता सुरुवातीला तुझं नाव लिही आणि पूर्ण फाइल वाचून बघ.

बांधावरचा_बीगल

नाव आठ वेळा आलं. बरोबर ४०९६ बाइटच्या अंतराने. हे काय आहे राव.

जुनाट_झिलॉग

हेच ते, उताऱ्यावर आठ एकर, रानात एक. सामायिक फाइलमध्ये तिथे २४सी२५६ लिहिलंय, म्हणजे ३२ केबीची चिप. ड्रायव्हरने चिपला विचारलं नाही तू केवढी, विचारता येतच नाही, त्याने ट्री वाचली आणि ३२ केबीची फाइल उघडून दिली. तुझ्या छोट्या चिपला पत्त्याचे वरचे तीन बिट कळतच नाहीत, ती ते सोडून देते आणि तोच ४ केबी पुन्हा पुन्हा वाचून दाखवते. कुठेही एरर नाही. सगळे आपापल्या परीने खरं बोलले, उतारा सोडून.

त्या चौथ्या नोडचं 'कंपॅटिबल' तुझ्या फाइलमधून बदलून एटमेल, स्वल्पविराम, २४सी३२ कर. सामायिक फाइलला हात लावू नको, लेबल धरून तुझ्या फाइलमध्ये खाली पुन्हा लिहिलंस की शेवटचं लिहिलेलं धरतात. मृत्युपत्रासारखं.

खवट_कपॅसिटर

सगळं छान आहे पण मला एक सांगा, या सगळ्याची गरज होती का? आधी सी मध्ये बोर्ड फाइल असायची. एक स्ट्रक्चर भरलं, त्यात पत्ता आणि नाव दिलं, झालं. स्वल्पविराम चुकला तर कंपायलर तिथल्या तिथे कानफटात मारायचा. आता ही नवी भाषा, नवा कंपायलर, आणि चुकलं तर मौन. याला प्रगती म्हणायचं?

जुनाट_झिलॉग

खवटराव, बोर्ड फाइल मी स्वतः लिहिल्यात, चांगल्या वाटायच्या, जोवर स्वतःचा एकच बोर्ड होता तोवर.

एआरएम जातीच्या प्रोसेसरांमध्ये प्रत्येक कंपनीची वेगळी चिप, आणि प्रत्येक चिपचे दहा बोर्ड. प्रत्येक बोर्डाची एक सी फाइल कर्नलच्या आत. बोर्डाला नंबर काढावा लागायचा, अधिकृत यादीत नोंदवून, आणि बूटलोडर तो नंबर एका रजिस्टरमध्ये घालून कर्नलला द्यायचा. कर्नल म्हणायचा हां, अमुक नंबर, म्हणजे तमुक फाइल. एका एलईडीची पिन बदलली तरी नवी फाइल, नवा कर्नल. सगळे एकमेकांची फाइल कॉपी करून चार आकडे बदलायचे. हा ढीग इतका वाढला की मार्च २०११ मध्ये लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स मेलिंग लिस्टवर एआरएमवाल्यांवर जाम उखडला, शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. त्यानंतर एआरएम डिव्हाइस ट्रीकडे वळलं, आणि २०१२ च्या डिसेंबरात आलेल्या ३.७ कर्नलमध्ये एकच कर्नल वेगवेगळ्या कंपन्यांच्या एआरएम चिपांवर चालेल अशी सोय झाली. कर्नल एक, उतारे अनेक. आता बूटलोडर नंबर देत नाही, ट्री मेमरीत ठेवतो आणि तिचा पत्ता देतो.

आणि भाषा नवी नाहीच. सनच्या मशिनींत ओपनबूट होतं, फोर्थमध्ये लिहिलेलं, त्यातून १९९४ मध्ये आयट्रिपलईचं १२७५ हे स्टँडर्ड आलं, ओपन फर्मवेअर. पॉवरपीसीचे मॅक त्याच्यावरच बूट व्हायचे. तिथे फर्मवेअर स्वतः झाड बांधून कर्नलला द्यायचं. ज्या छोट्या बोर्डांत एवढं फर्मवेअर नाही त्यांच्यासाठी २००५ च्या सुमारास पॉवरपीसी लिनक्सवाल्यांनी ते झाड चपटं करून एका फाइलमध्ये भरलं. पापड करून डब्यात ठेवल्यासारखं. आजही कर्नलमधली ही सगळी फंक्शनं 'ओएफ' ने सुरू होतात ती ओपन फर्मवेअरची आठवण.

त्या डीटीबी, म्हणजे कंपाइल झालेल्या ट्रीच्या, फाइलचे पहिले चार बाइट कधी हेक्समध्ये बघा: डी००डीएफईईडी. शून्याला ओ समजून इंग्रजीत वाचा. रात्री जागणाऱ्या माणसांनी ठरवलेला आकडा आहे तो.

म्युनिकची_मिसळ

मध्येच घुसते. मी लिनक्सवाली नाही, झेफिर या छोट्या चिपांच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर काम करते, पण दुखणं तेच. आमच्याकडे ट्रीची भाषा जवळजवळ हीच, डीटीएस, डीटीएसआय, लेबल, कंपॅटिबल, सगळं. फरक एवढाच की आमची ट्री बोर्डापर्यंत पोहोचतच नाही. लहान चिप असते, उदाहरणार्थ एनआरएफ५२८३२ मध्ये ६४ केबी रॅम. तिथे बूट होताना झाड वाचत बसायची चैन नाही. म्हणून बिल्ड होतानाच पायथॉनच्या स्क्रिप्टा ट्री वाचतात आणि तिचं सी च्या मॅक्रोंमध्ये रूपांतर करतात. चिपवर जातात ते नुसते आकडे.

त्यामुळे खवटरावांना हवी ती कानफटात आमच्याकडे मिळते, कंपाइल होतानाच. फक्त कुणी मारली ते कळत नाही. लिंकर शेवटी सांगतो 'अनडिफाइन्ड रेफरन्स', पुढे डिव्हाइस, डीटीएस, ऑर्ड आणि एक आकडा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तासभर तो आकडा माझ्या कोडमध्ये शोधत होते. तो आकडा म्हणजे झाडातल्या नोडचा अनुक्रमांक, आणि अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की नोड लिहिलाय पण त्याचा ड्रायव्हर कॉन्फिगमध्ये चालूच केलेला नाही, नाहीतर नोडचा 'स्टेटस' डिसेबल्ड राहिलाय. आकडा कुणाचा ते बिल्ड फोल्डरमधल्या जनरेट झालेल्या हेडरमध्ये वरतीच यादी असते त्यात बघायचं.

आमचा एक नियम मला आवडतो. प्रत्येक 'कंपॅटिबल' साठी एक यॅमल फाइल असते, या चिपच्या नोडमध्ये कुठली प्रॉपर्टी हवीच, कुठली चालेल, आकडा का शब्द, हे त्यात लिहिलेलं. नसलेली प्रॉपर्टी मागितली की बिल्ड अडतो.

पिन_क्रमांक_९

@म्युनिकची_मिसळ ताई, तशा यॅमल फाइली आता लिनक्समध्येही आहेत, मेक करताना 'डीटीबीएस अंडरस्कोर चेक' दिलं की ट्री तपासून देतो. बांधावरच्या दादाचा डॅश त्याने पकडला असता, असं नाव कुठल्याच यादीत नाही म्हणून. पण कोण चालवतं. मीही कामावर चालवत नव्हतो, एकदा भोगेपर्यंत.

त्याचीच गोष्ट सांगतो. झिंक-७००० या चिपवर काम चालू होतं, तिच्यातल्या एफपीजीएमधून (हवं तसं सर्किट बनवता येतं तो भाग) प्रोसेसरला येणारी इंटरप्टची, म्हणजे 'इकडे लक्ष दे' सांगणारी, लाइन. मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय ६१. मी ट्रीत लिहिलं ६१. ड्रायव्हर लागला, इंटरप्ट मिळाला म्हणून मेसेजही आला, आणि इंटरप्ट येईचना. दोन दिवस एफपीजीएवाल्या पोराशी भांडलो. तो म्हणतो लाइन वर जातेय, स्कोप बघा. मी म्हणतो माझ्याकडे काही येत नाही. शेवटी कळलं की त्या इंटरप्ट कंट्रोलरमध्ये पहिले ३२ नंबर प्रोसेसरच्या घरगुती वापराचे, बाहेरच्यांची मोजणी ट्रीत त्यांच्यानंतर शून्यापासून सुरू होते. ६१ वजा ३२, २९ लिहायचं. मी ६१ लिहून ९३ नंबरच्या दारावर कान लावून बसलो होतो. त्या पोराला मी नंतर मिसळ चारली, दोन प्लेट.

आणि हे यॅमलच्या तपासणीने पकडलं नसतं हेही खरं. ६१ हा आकडा म्हणून बरोबरच आहे. उताऱ्याचा फॉर्म नीट भरलाय का ते तपासता येतं, रानात काय आहे ते नाही.

खवट_कपॅसिटर

म्हणजे मीच बरोबर होतो, फक्त आता तुम्ही ते यॅमलमध्ये सांगताय.

बरं माझी खरी तक्रार वेगळीच आहे. एका स्वस्त बोर्डाबरोबर आम्हाला फक्त डीटीबी मिळाली, मूळ डीटीएस देत नाहीत म्हणे. कंपनीचं नाव घेत नाही. डीटीसी या ट्रीच्या कंपायलरने उलटं करून डीटीएस काढता येते, काढली, पण लेबलं गेलेली, सगळे संदर्भ नुसते आकडे, क्लॉक कुठला तर ४७, रेग्युलेटर कुठला तर १२. आणि त्यात त्यांनी स्वतःच्या प्रॉपर्टी घुसडलेल्या, बूटला किती मिलिसेकंद थांबायचं, डिस्प्लेवर कुठला लोगो. हे हार्डवेअर आहे का? लोगो कुठल्या पिनवर सोल्डर केलाय?

जुनाट_झिलॉग

यावर मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत. ट्रीत काय आहे ते लिहायचं, त्याचं काय करायचं ते नाही.

उदाहरण देतो, बीगलच्या पंपाचंच. पंप चालू करणारं रिले मॉड्यूल बहुतेक वेळा पिन खाली गेली की चालू होतं, वर गेली की बंद. ही गोष्ट तारेची आहे, बोर्डाची आहे, ती ट्रीत लिहायची, 'ॲक्टिव्ह लो' म्हणून. मग प्रोग्राममध्ये १ म्हणजे चालू आणि ० म्हणजे बंद, सरळ. उद्या उलटं रिले आणलं तर ट्रीतला एक शब्द बदलायचा, प्रोग्रामला हात नाही. पण पंप सकाळी सहाला चालू करायचा ही गोष्ट ट्रीत नाही येत. तो मालकाचा निर्णय आहे, उताऱ्यावर कुणी लिहितं का, कांदा कधी काढणार ते?

फुकटचा_सल्ला

उताऱ्यावर कांदा लिहितात आणि असतो ऊस, त्याचं काय :)

बांधावरचा_बीगल

सगळे वाचतोय, हसतोय. आता माझं अर्धं राहिलेलं सांगतो.

घड्याळ आलंय पण 'आरटीसी१' म्हणून आलंय. 'आरटीसी०' आधीच कुणीतरी आहे. बूटला वेळ आरटीसी० कडूनच घेतली जाते असं दिसतंय, त्यामुळे लाइट गेली की परत पहिले पाढे पंचावन्न. हाताने आरटीसी१ वाचलं तर वेळ अचूक आहे. काल रात्री साडेअकराला पंपाच्या खोलीत टॉर्च घेऊन बसलो होतो, वडील बघायला आले की मोटार जळाली का काय. त्यांना सांगितलं घड्याळ बसवतोय. ते म्हणाले भिंतीवर आहे की एक.

पिन_क्रमांक_९

आरटीसी० म्हणजे तुझ्या एसओसीच्या पोटातलंच घड्याळ. ते आहे, चालतंही, पण या बोर्डावर त्याच्यामागे सेल नाही, लाइट गेली की तेही जातं. ते आधी उठतं म्हणून पहिला नंबर पटकावतं. आणि तुझ्या कर्नलच्या कॉन्फिगमध्ये वेळ कुणाकडून घ्यायची तिथे आरटीसी० असं ठोकलेलं असणार.

हे ट्रीतच सुटतं. झाडाच्या मुळाशी 'अलियासेस' नावाचा नोड असतो, त्यात लिही, आरटीसी० बरोबर तुझ्या नोडचं लेबल, आरटीसी१ बरोबर पोटातल्या घड्याळाचं लेबल. मग कोण आधी उठलं याला अर्थ नाही, खुर्च्या राखीव.

तू मूळ डीटीएसच बदलतोयस ते बरं आहे. हेच ओव्हरलेमधून करायला गेला असतास, म्हणजे मूळ ट्री तशीच ठेवून वरून ठिगळ लावायला, तर तिथे एक खड्डा आहे: अलियासमध्ये लेबल दिलं की ओव्हरलेतला अर्धवट पाथ जातो आणि कर्नलला तो नोड सापडत नाही. तिथे पूर्ण पाथ हाताने लिहावा लागतो. आणि बूटलोडरनेच ओव्हरले लावला पाहिजे, कारण अलियास कर्नल सुरुवातीला एकदाच वाचतो.

आणि जाता जाता, १९-२० नंबर पिनसाठी तुला पिनमक्स, म्हणजे कुठली पिन कुठल्या कामाला ते, लिहावं लागलं नाही याबद्दल देवाचे आभार मान. त्या पिनांची मूळ नावं यूआर्ट-१ ची सीटीएस आणि आरटीएस अशी आहेत, मोड ३ केला की त्या आय-टू-सी-२ होतात. ते सामायिक फाइलमध्ये आधीच करून ठेवलंय म्हणून तुझं ६८ पहिल्याच दिवशी दिसलं. दुसऱ्या पिना घेतल्या असत्यास तर या धाग्याला अजून तीन पानं लागली असती.

बांधावरचा_बीगल

झालं.

अलियास लिहिलं. आरटीसी० वर डीएस३२३१ आलं. खात्रीसाठी प्रॉक फोल्डरमध्ये डिव्हाइस ट्री नावाचा फोल्डर आहे तो उघडून बघितला, तिथे चालू कर्नलने खरंच कुठली ट्री घेतलीय ते फोल्डर-फोल्डर करून दिसतं, हे आधी कळलं असतं तर दोन संध्याकाळी वाचल्या असत्या कारण मधल्या काळात मी एकदा भलत्याच फाइलला बदल करत होतो, बोर्ड जुनीच डीटीबी उचलत होता (हे सांगायचं नव्हतं खरं).

मग मेन स्विच पाडला, दहा मिनिटं थांबलो, परत चालू केला. उठल्या उठल्या पहिली नोंद पडली ती बरोबर तारखेची, बरोबर मिनिटाची. ५७ वाला आता ४०९६ दाखवतोय आणि माझं नाव एकदाच येतंय. नेटवरच्या कुणालाही न विचारता त्याला वेळ माहीत आहे.

सगळ्यांचे आभार. झिलॉगकाका, निफाडला आलात तर द्राक्षं.

म्युनिकची_मिसळ

अभिनंदन! एक राहिलंच, ट्रीतलं नाही पण विचारते. ते निळं मॉड्यूल म्हणजे झेडएस-०४२ ना? त्याला ५ व्होल्ट दिलाय का ३.३? त्यावर सेल चार्ज करायचं सर्किट असतं, एक डायोड आणि २०० ओहमचा रेझिस्टर. ते चार्ज होणाऱ्या सेलसाठी आहे. तू साधा सीआर२०३२ घातला असशील आणि वर ५ व्होल्ट देत असशील तर तो सेल चार्ज होत राहील, फुगतो, फुटूही शकतो. शिवाय त्याचे पुल-अप, म्हणजे तारा वर ओढून धरणारे रेझिस्टर, मॉड्यूलच्या सप्लायलाच आहेत, ५ दिलास तर बीगलच्या पिनांवर ५ येणार, आणि त्या ३.३ च्याच आहेत.

बांधावरचा_बीगल

ताई थांबा, बघून येतो. तारा मी लावल्या होत्या पण रंग लक्षात नाहीत.

बांधावरचा_बीगल

३.३ आहे. पी९ च्या ३ नंबरवरून घेतलाय. ५ नंबर अगदी शेजारच्याच ओळीत होता, तिथे का नाही लावला ते मलाही सांगता येणार नाही. सेल साधाच आहे, सीआर२०३२. ३.३ ला धोका कमी असला तरी तो रेझिस्टर उद्या काढून टाकतो, सोल्डरिंग आयर्न घरी आहे आणि इथे लाइट गेलीय.